पेसाहची तयारी : धूळ वेगळी, खमीर वेगळे

मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटले आहे, तोच ज्यूंचा पेसाह सण. हिब्रू पंचांगातल्या निसान महिन्याच्या पंधरा तारखेला तो सुरू होतो. २०२६ साली १ एप्रिलच्या संध्याकाळी, २०२७ साली २१ एप्रिलच्या. त्याआधी घरातला सगळा हामेत्स, म्हणजे गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचे पाणी लागून आंबलेले सगळे पदार्थ, बाहेर काढायचा असतो. या तयारीविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही पत्रे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांतून आली आहेत, काही शेजारपाजारच्या वाचकांकडून.

प्रश्न : महिनाभर घर घासते. माळे उतरवते, पडदे धुते. सेदेरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या विधीच्या जेवणाच्या, रात्री हागादा ही सणाची पोथी वाचताना डोळे मिटतात. सगळे सांगतात की हामेत्स म्हणजे माणसाचा अहंकार. मला मात्र कपाटामागे फक्त धूळच सापडते. यात अध्यात्म कुठे आहे? (एक वाचक, पुणे)

तुमचा निम्मा थकवा पेसाहचा नाहीच, तो दिवाळीच्या साफसफाईचा आहे. धूळ म्हणजे हामेत्स नव्हे. पडद्याला कोणी पोळी गुंडाळून ठेवत नाही. जिथे वर्षभरात खाण्याचा पदार्थ नेला जातो, तेवढीच जागा शोधायची, असे मिश्ना हा जुना ज्यू नियमसंग्रहच म्हणतो. स्वयंपाकघर, जेवणाचे टेबल, सोफ्याच्या फटी, मुलांची दप्तरे, ऑफिसची पिशवी, गाडी, कोटाचे खिसे आणि घरात रांगते मूल असेल तर त्याच्या हाताला लागेल ती प्रत्येक जागा. माळ्यावरच्या ट्रंकेत फक्त जुन्या साड्या असतील तर ती ट्रंक उघडायचीही गरज नाही. फरशीवर पायदळी आलेला, मातीत मिसळलेला कण मोजायचा नसतो. ओट्यामागच्या फटीत बिस्किटाचा चुरा अडकला असेल आणि निघत नसेल, तर सणाआधी त्यावर फिनाईल किंवा भांडी घासायचे साबण ओता. कुत्र्यानेही तोंड लावू नये इतका तो बिघडला की तो हामेत्स राहत नाही.

आता अर्थाकडे. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमुद. त्याच्या बेराखोत या भागात राब्बी (ज्यू धर्मपंडित) अलेक्झांद्री यांची एक प्रार्थना आहे. जगाच्या स्वामी, तुझ्या इच्छेप्रमाणे वागावे हीच आमची इच्छा आहे हे तुला ठाऊक आहे. मग अडवते काय? पिठातले खमीर आणि परक्या राज्यांची ताबेदारी. बाहेरची अडचण आणि आतली अडचण एका दमात सांगितली आहे, आणि आतली सांगायला शब्द वापरला आहे तो पिठातल्या खमिराचा. हामेत्स या हिब्रू शब्दाचे मूळही आंबट होण्याचेच आहे. व्हिनेगरसाठीचा शब्द त्याच मुळातून येतो. आपल्या पूर्वजांनी कोकणात या सणाला नाव दिले होते ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट पाण्याचे मडके झाकून ठेवायचा सण. बारीकसारीक नियम त्या काळी गावोगाव पोहोचले नव्हते, पण आंबट ते झाकायचे एवढे नेमके टिकले होते.

पाव आणि मात्सा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, दोन्ही पीठ आणि पाणीच. फरक वेळेचा. कणीक हाताळल्याशिवाय अठरा मिनिटे पडून राहिली की हामेत्स झाली. त्याआधी भाजली तर मात्सा. हिब्रू अक्षरांत पाहा : दोन्ही शब्दांत मेम आणि त्सादी ही अक्षरे सारखीच. तिसरे अक्षर एकात हेत, दुसऱ्यात हे. या दोन अक्षरांत फरक एवढाच की हेतचा डावा पाय वरच्या आडव्या रेघेला चिकटलेला असतो आणि हेचा किंचित सुटलेला. नखाएवढी फट. म्हणून प्राचीन भाष्यकार सांगतात की ‘मात्सा सांभाळा’ हे ‘मित्स्वा (देवाची आज्ञा) सांभाळा’ असेही वाचावे. चांगले काम हाताशी आले की त्याला पडू देऊन आंबवू नका. हामेत्सचा अर्थ नुसता अहंकार असा घेतला की तो फार ढोबळ होतो. टाळाटाळीने फुगत गेलेली गोष्ट, असा अर्थ कामाला जास्त उपयोगी पडतो. कोणाचे तरी द्यायचे राहिलेले पैसे, करायचा राहिलेला फोन, उद्यावर ढकललेली माफी. निसान महिन्यात गरिबांना सणाच्या पिठासाठी पैसे द्यायची प्रथा तालमुदकाळापासून आहे, आणि ती तयारीतच धरली जाते, सणात नाही. पडदे धुवायच्या आधी तो लखोटा पाठवा.

प्रश्न : खमीर एवढे वाईट असेल तर वर्षभर आपण पाव का खातो? (एक विद्यार्थी, मुंबई)

बरोबर पकडलेत. यरुशलेमचे मंदिर उभे होते तेव्हा पेसाहनंतर पन्नासाव्या दिवशी, शावुओत या सणाला, दोन आंबवलेल्या भाकरी अर्पण करत. लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात तशी स्पष्ट आज्ञा आहे. आभाराच्या अर्पणातही आंबवलेल्या भाकरी असत. म्हणजे खमीर पाप नाही. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघालेल्या लोकांना ते पहिल्या आठवड्यात नको होते, पन्नास दिवसांनी चालले. तरीही नियम इतके कडक का? इतर निषिद्ध पदार्थ खायचा नाही एवढेच असते. हामेत्स खायचा नाही, त्यापासून फायदा घ्यायचा नाही, आणि मालकीतही ठेवायचा नाही. कैरोचे राब्बी डेव्हिड इब्न झिम्रा यांना सोळाव्या शतकात हाच प्रश्न विचारला गेला. कायद्याच्या चौकटीत दिलेली कारणे त्यांना पुरी पडेनात. शेवटी त्यांनी मिद्राशचा, म्हणजे धर्मग्रंथावरच्या जुन्या भाष्याचा, आधार घेतला : हामेत्स हा माणसातल्या दुष्प्रवृत्तीचा इशारा आहे, म्हणून तो कणभरही चालत नाही. एरवी कायद्याच्या प्रश्नाला कायद्याचेच उत्तर देणारा माणूस इथे रूपकाकडे वळतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न : हामेत्स शोधायची रात्र नेमकी कशी पार पाडायची? आमचा वन बीएचके आहे. पावाचे दहा तुकडे ठेवतो, पण मागच्या वर्षी नऊच सापडले. मोबाइलचा टॉर्च चालतो का? (एक वाचक, ठाणे)

चौदा निसानच्या रात्री, म्हणजे सेदेरच्या आदल्या रात्री, तारे दिसले की लगेच सुरू करायचे. त्याआधी अर्धा तास जेवायला बसू नये. बसले की शोध राहतो आणि झोप येते.

दहा तुकडे हा नियम नाही, प्रथा आहे. शोधणाऱ्याचा आशीर्वाद वाया जाऊ नये म्हणून काहीतरी सापडावे, इतकाच हेतू. प्रत्येक तुकडा लहान हवा, ऑलिव्हच्या फळापेक्षाही लहान, आणि कागदात घट्ट गुंडाळलेला. बिस्किट नको, चुरा होतो. कडक टोस्ट त्याहून वाईट. शिळ्या पोळीचा तुकडा उत्तम, सुटत नाही. तुकडे कुठे ठेवले याची यादी ठेवणाऱ्याने करून खिशात ठेवावी. दहावा तुकडा न सापडायचे कारण बहुतेक वेळा यादी नसणे हेच असते. तरीही सापडला नाही तर घाबरू नका. रात्रीचे रद्द करण्याचे वाक्य (ते पुढच्या उत्तरात आहे) नेमके अशाच न सापडलेल्या हामेत्ससाठी आहे.

मेणबत्ती, पीस, लाकडी चमचा आणि कागदी पिशवी घ्या. ‘अल बिऊर हामेत्स’ हा आशीर्वाद म्हणा आणि शोध सुरू होईपर्यंत मध्ये एक शब्द बोलू नका. शोध सुरू झाल्यावरही त्याच कामापुरते बोला. मुले मागून येत असतील तर त्यांना आशीर्वादाच्या वेळी उभे करा, म्हणजे त्यांच्याही वाट्याला येतो. वन बीएचकेला वीस मिनिटे पुरतात. फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी, गॅसच्या शेगडीखाली, पिठाच्या डब्याच्या झाकणाची आतली कड, उंच खुर्चीचा पट्टा, स्टडी टेबलाचा खण. गाडीत पेटती मेणबत्ती नेऊ नका, तिथे टॉर्चच घ्या.

मोबाइलचा टॉर्च बहुतेक राब्बी मान्य करतात. पण मेणबत्तीमागे एक विचार आहे. तालमुदात मशालीला नकार दिला आहे, कारण मशाल फटीत शिरत नाही, आणि आपण घर पेटवू अशी धास्ती असलेला माणूस नीट शोधत नाही. एका वातीचा दिवाच हवा. आणि त्याच चर्चेत नीतिसूत्रांतला श्लोक आणला आहे : माणसाचा आत्मा हा परमेश्वराचा दिवा आहे, तो पोटातले सगळे कोपरे शोधतो. नुसत्या घराच्या शोधासाठी तो श्लोक लागला नसता. मोठा उजेड घेऊन स्वतःकडे पाहिले की माणूस एकतर दिपतो किंवा घाबरतो. लहान दिव्याने एका वेळी एकच कोपरा दिसतो, आणि तेवढ्याचे काहीतरी करता येते. म्हणून शक्य असेल तर निदान स्वयंपाकघर तरी मेणबत्तीने शोधा, बाकीची खोली टॉर्चने.

प्रश्न : आजी हामेत्स रद्द करण्याचे वाक्य मराठीत म्हणते. मुलगा म्हणतो, अरामीतच म्हणायला हवे, नाहीतर लागू होत नाही. कोण बरोबर? (एक वाचक, अलिबाग)

आजी. आणि तिचे बरोबर असणे ही सवलत नाही, तोच मूळ नियम आहे. ‘कोल हमीरा’ हे ते अरामी वाक्य म्हणजे मंत्र नव्हे. ती मालकाची घोषणा आहे. म्हणणाऱ्याला अर्थ कळला नाही तर रद्द झालेच नाही. हे वाक्य हिब्रू सोडून अरामीत रचले गेले, कारण त्या काळी बाजारात अरामीच बोलत. सेदेरमध्ये भुकेल्यांना आत बोलावणारे ‘हा लहमा’ही त्याच कारणाने अरामीत आहे. गंमत म्हणजे अरामी ‘हमीरा’ आणि आपल्या मराठीत फारसी-उर्दूच्या वाटेने आलेले ‘खमीर’ हे एकाच सेमिटिक मुळाचे शब्द आहेत. हागादा मराठीत छापण्याची परंपराही जुनी आहे. मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी हागादा निघाल्या. पुण्याच्या हागादात साडी नेसलेल्या बायका मात्सा करताना काढल्या आहेत.

रात्री शोध झाल्यावर म्हणायचे : ‘माझ्या ताब्यात जे काही खमीर आणि आंबलेले असेल, जे मी पाहिले नाही आणि काढून टाकले नाही, ते रद्द होवो आणि जमिनीवरच्या धुळीसारखे बेवारस होवो.’ दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलेला-उरलेला हामेत्स जाळतात, त्यानंतरच्या वाक्यात ‘पाहिलेले असो वा नसो, काढलेले असो वा नसो’ असे येते. फरक महत्त्वाचा आहे. रात्री उद्याच्या न्याहारीचा पाव अजून तुमचाच असतो, म्हणून फक्त न दिसलेले सोडायचे. सकाळी काहीच राखून ठेवायचे नसते. दोन्ही वेळा एकच वाक्य म्हणण्याची चूक फार घरांत होते.

वेळ घड्याळाच्या तासांनी नाही, दिवसाचे बारा भाग करून मोजायची. समजा सूर्योदय ६.३० ला आणि सूर्यास्त ६.५४ ला आहे. दिवस ७४४ मिनिटांचा, एक भाग ६२ मिनिटांचा. चार भाग संपले की, म्हणजे १०.३८ नंतर, हामेत्स खायचा नाही. पाच भाग संपायच्या आत, ११.४० पूर्वी, जाळून वाक्य म्हणून मोकळे व्हायचे. त्यानंतर म्हटले तर उपयोग नाही. तोपर्यंत हामेत्सवरची तुमची मालकी कायद्याने संपलेली असते, आणि जे आपले नाही ते सोडता येत नाही. गच्चीवर जाळायची परवानगी सोसायटीत नसेल तर पत्र्याच्या डब्यात बाल्कनीत जाळा. रॉकेल आधी ओतू नका, आगीने जळायला हवे, विषाने नव्हे. सेदेरच्या दिवशीची सकाळ शनिवारी, म्हणजे शब्बाथला, आली तर शोध गुरुवारी रात्री आणि जाळणे शुक्रवारी सकाळी. रद्द करण्याचे वाक्य मात्र शनिवारी सकाळीच. २०२५ साली तसे झाले होते, पुढे २०४५ साली होईल.

प्रश्न : आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंबद्दल कोणी नीट सांगत नाही. परदेशी यादीत ओव्हन असतो, तवा-पोळपाट नसतो. (एक वाचक, नेरुळ)

तत्त्व एकच : भांड्याने जसे शोषले तसेच ते सोडते. रस्सा उकळून शोषला तर उकळत्या पाण्याने निघतो, कोरड्या आचेवर शोषला तर कोरड्या आचेनेच.

स्टीलची पातेली, डाव, पळ्या : घासून, गंज आणि चिकटलेला थर काढून, चोवीस तास गरम काही न घालता ठेवा. मग मोठ्या भांड्यात खळखळ उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवा आणि लगेच थंड पाण्याखाली धरा. मावत नसेल तर अर्धे एकदा, अर्धे एकदा. सगळ्यात मोठे पातेले स्वतःच काठोकाठ भरून उकळा आणि त्यात तापवलेला दगड चिमट्याने सोडा, म्हणजे पाणी कडेवरून उतू जाते. कड राहून गेली की सगळे फुकट.

पोळीचा तवा : तो कोरड्या आचेचा, म्हणून ठिणगी उडेल इतका तापवायला हवा. जाड बिडाचा तवा ते सोसतो. ॲल्युमिनियमचा वाकतो आणि नॉन-स्टिकचा लेप जळतो. सरळ वेगळा तवा घ्या, त्यात जीव घालवू नका. पोळपाट-लाटणे आणि पिठाची चाळण यांना उपायच नाही. लाकडाच्या रेषांत आणि जाळीच्या डोळ्यांत कणीक राहतेच. बांधून ठेवा, सणासाठी दुसरे. घरघंटी झाकून, हामेत्सच्या विक्रीत (तिच्याबद्दल पुढे) सामील करा. मातीची भांडी शोषलेले सोडत नाहीत, तीही बाजूला. काच सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रिवाजात नुसती धुवून चालते.

प्रेशर कुकर : डबा आणि झाकण उकळत्या पाण्यात जाते. अडचण रबराच्या रिंगेची आणि शिट्टीच्या भोकाची. रिंग नवीन घाला, शिट्टी सुटी करून सुईने साफ करून उकळा. ओटा कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा असेल तर चोवीस तास गरम काही न ठेवता, कोरडा करून किटलीतून उकळते पाणी ओता. पातेल्यातून दुसऱ्या भांड्यात घेऊन ओतले तर ते तेवढे गरम राहत नाही.

आता डबे. गहू, रवा, शेवया, मैदा जाणार हे सगळ्यांना कळते. फसवतात ते दुसरेच. हिंगाची पूड : कित्येक डब्यांत हिंगाला मैद्याची जोड असते. लेबल वाचा, नसेल तर आठ दिवस हिंगाशिवाय फोडणी करा. उन्हाळी वाळवणात गव्हाच्या कुरडया हामेत्स, साबुदाण्याच्या पापड्या नाहीत. गिरणीतून आणलेले बेसन आणि तांदळाचे पीठ : त्याच जात्यातून आधी गहू गेलेला असतो. मेथी आणि धण्यांत गव्हाचे दाणे निघतात. सोया सॉस, बीअर, व्हिस्की, माल्टचे पेय हे तर आहेतच.

तांदूळ खाण्याची प्रथा तुमच्या घरात असेल तर सणाआधीच, दिवसाउजेडी, पांढऱ्या कापडावर पातळ पसरून तीन वेळा निवडा. गव्हाचा दाणा तपकिरी, जाडसर आणि पोटाला मध्ये खाच असलेला, पटकन दिसतो. घाई करून सण लागल्यावर निवडायला बसू नका : आधी मिसळलेला कण साठपट अन्नात विरला असे धरतात, सण लागल्यावर हजारात एक कणही चालत नाही. आंबोळीच्या पिठाबद्दल बऱ्याच जणांनी विचारले आहे. तांदूळ आणि उडीद आंबले तरी हामेत्स होत नाहीत. तालमुदाच्या भाषेत ते नासतात, खमीर होत नाहीत. पण आंबोळीत मेथी पडते, ती निवडलेली हवी. अश्केनाझी (मूळ युरोपीय ज्यू) घरांत तांदूळ-डाळीच चालत नाहीत, तेव्हा पाहुणे कोण आहेत ते आधी विचारा.

प्रश्न : मात्सा घरी करता येईल का? (एक वाचक, पेण)

येते, पण गिरणीच्या पिठाची येत नाही. दळण्याआधी गहू ओलावण्याची पद्धत कारखान्यात असते, आणि आपल्याकडे घरोघरी गहू धुऊन वाळवूनच दळायला देतात. ते पाणी लागले तिथेच गोष्ट संपली. पेसाहसाठी पाण्यापासून राखलेल्या गव्हाचे पीठ मिळत असेल तरच पुढे जा.

पाणी आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताच्या वेळी भरा, गाळा, झाकून थंड जागी रात्रभर ठेवा. पीठ एका खोलीत, पाणी दुसऱ्या. एका वेळी अर्धा किलो पीठ आणि साधारण २५० मिली पाणी. सव्वा किलोच्या वर एका घाण्यात कधीच नको, हात पुरत नाहीत. मीठ नाही, तेल नाही. पाणी पडले की घड्याळ सुरू. घट्ट मळा, लिंबाएवढे गोळे करा, नवीन लाटण्याने कागदासारखे लाटा, काट्याने दाट टोचा. टोचल्याशिवाय फुगते, आणि फुगलेल्या किंवा दुमडून आतून कच्च्या राहिलेल्या भागाला हामेत्स धरतात. एकही गोळा हात न लावता पडू देऊ नका. तिघे जण लागतात : मळायला, लाटायला, भाजायला. भाजणारा रिकामा बसला तर चालेल, लाटणारा नाही. तवा आधी कडक तापलेला हवा. गार तव्यावर टाकून खाली आच लावली तर मात्सा तापता तापता आंबते. भाजून झाली हे कसे ओळखायचे? मोडा. दोन तुकड्यांमध्ये पिठाची तार ओढली गेली तर कच्ची. घाणा संपला की परात, लाटणे, हात, नखे स्वच्छ खरवडून धुवा, मगच पुढचा. सुरुवातीला सगळ्यांनी मोठ्याने म्हणावे, ही मात्सा मित्स्वाच्या मात्सासाठी. न म्हणता केलेली सेदेरच्या आज्ञेला चालत नाही, पोट भरायला चालते.

प्रश्न : हामेत्स परधर्मीयाला विकायचा आणि आठ दिवसांनी परत घ्यायचा, हे देवाला फसवणे नाही का? (एक वाचक, दिमोना, इस्राएल)

विक्री खोटी असेल तर हो. खरी असेल तर नाही, आणि ती खरी करायची सोय आहे. तोसेफ्ता या मिश्नाच्या जुन्या पुरवणीत जहाजावर अडकलेल्या व्यापाऱ्याचे उदाहरण आहे. त्याने हामेत्स परधर्मीय सहप्रवाशाला विकावा आणि सणानंतर परत विकत घ्यावा. आजच्या करारात मालाची यादी, किंमत, आगाऊ रक्कम आणि जागेचे भाडेपट्ट्याने हस्तांतर असते. घेणाऱ्याने उद्या दार ठोठावून माझी व्हिस्की द्या म्हटले तर द्यावी लागते. इस्राएलमध्ये सरकारच्या मालकीचा हामेत्सही असाच विकला जातो. चूक होते ती इथे : कपाट विकले, पण कुलूप लावले नाही आणि चिठ्ठीही नाही, मग सणाच्या मधल्या दिवसांत कोणीतरी तेच बिस्किट काढते.

तुमच्यासारख्यांना अजून एक सांगायचे. तुम्ही दिमोनात सात दिवस पाळता, आईवडील ठाण्यात आठ. विक्रीची वेळ माल आणि मालक दोघांच्या घड्याळाला जुळायला हवी. भारतात सण अडीच तास आधी लागतो. ठाण्याच्या घरात तुमच्या नावाचे काही हामेत्स असेल तर ते भारताच्या वेळेआधी विकले जाईल असे राब्बींना सांगून करार करून घ्या.

प्रश्न : सेदेरचे चार पेले वाइनऐवजी मनुकांच्या सरबताचे घेतो. प्रमाण काय धरायचे? (एक वाचक, पनवेल)

मनुकांचे सरबत किद्दुशला, म्हणजे पेल्यावरच्या आशीर्वादाला, आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आले आहे. अट एवढी की चव मनुकांची हवी, साखरेच्या पाण्याची नको. मनुका पाण्याच्या एक षष्ठांशाहून जास्त हव्यात, आणि दाबल्यावर त्यांच्यातून रस निघायला हवा. वाळून काष्ठ झालेल्या मनुका म्हणून नकोत. एक लिटर पाण्याला अर्धा किलो काळ्या मनुका घ्या, धुवा, रात्रभर भिजत ठेवा, सकाळी हाताने कुस्करा, एक उकळी आणा, गार करून मलमलीतून पिळून गाळा. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. पुढे ते फसफसू लागते, तरी हामेत्स नव्हे, द्राक्षाचे आंबणे वेगळे. पेला निदान ८६ मिलीचा धरतात. माणशी चार पेले म्हणजे सुमारे ३५० मिली. सहा जणांना अडीच लिटर पाण्याचे करा, थोडे सांडायला धरून. मुलांचा हात लागतोच.

प्रश्न : शेजारी बेने इस्राएल कुटुंब आहे. पाडव्याला पुरणपोळी द्यायची पद्धत आहे. त्यांच्या सणाच्या आड येईल का? (एक वाचक, रोहा)

निसान बहुधा चैत्राच्या बरोबरीने चालतो. पाडवा त्याच्या सुरुवातीला आणि पेसाह पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या आसपास. पाडव्याची पुरणपोळी खुशाल द्या, पंधरवड्यात संपेल. पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून आठ-नऊ दिवस मात्र घरचे शिजवलेले काही नको. अख्खी फळे द्या, शहाळी द्या. आणि त्यांनी तुमच्याकडे पिठाचा डबा ठेवायला आणला तर तो नुसता ठेवून घेऊ नका. करार वाचा, पैसे द्या, सही करा. त्या आठ दिवसांत तो डबा तुमचा असतो.

प्रश्न : रोजची गोळी चालू आहे, त्यात गव्हाचा स्टार्च असेल तर? (एक वाचक, कल्याण)

गोळी बंद करू नका. बेचव गोळी गिळणे हे खाणे धरत नाहीत, आणि आजारी माणसाला त्याची परवानगी आहे. गोड चघळायची गोळी किंवा सिरप असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारा. पर्याय नसेल तर हज्जानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) किंवा राब्बींना सणाआधीच विचारून घ्या.

प्रश्न : शेवटच्या रात्री पाव कधी आणायचा? (तेच वाचक, ठाणे)

भारतात आठव्या दिवशी तारे दिसल्यावर. घरचा विकलेला हामेत्स मात्र परत विकत घेतल्याचे कळेपर्यंत उघडू नका, साधारण तासभर थांबा. परधर्मीयाच्या बेकरीतला पाव लगेच चालतो. ज्यूच्या दुकानातला माल सणात विकलेला होता की नाही ते विचारा, नसेल तर तो सणानंतरही खाता येत नाही. आणि पेसाहची भांडी त्याच रात्री, पावाच्या पिशवीला हात लावण्यापूर्वी, पुसून खोक्यात भरा. नवीन रबराची रिंग त्याच खोक्यात, कुकरला राहू देऊ नका.